सान पेद्रोच्या पुढे गेलेली गाडी

आधीच सांगून ठेवते, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. मागे एक कुरव पक्षी माझ्या टपावर बसून सगळी हकीकत ऐकत होता. शेवटपर्यंत ऐकली, मग माझ्या काचेवर जे करायचं ते करून उडून गेला. तरी मी सांगणार, कारण बुटांच्या नाड्या बांधायला तुम्हाला फार वेळ लागतो आणि तोवर तुम्ही माझ्याच सीटवर बसलेले असता. त्यातून तुम्ही नवीन भरती झालेली मुलं. तुम्हाला माझ्याविषयी काहीच माहीत नाही, हे मला सोयीचं आहे.

मित्रांनो, या मैदानाच्या कडेला विटांच्या थरांवर उभा असलेला हा पत्र्याचा सांगाडा एके काळी धावत होता. आज मला चाकं नाहीत. इंजिनाच्या जागी तुमच्या चेंडूंचं जाळं ठेवलेलं असतं. समुद्राची खारी हवा माझी पाठ रोज थोडी थोडी खाते. पण मी तक्रार करणाऱ्यांपैकी नाही. मी सांगणाऱ्यांपैकी आहे.

माझा जन्म इथला नाही. मी जपानात जन्मले आणि तिथे काही वर्षं काम करून, जहाजाच्या पोटात बसून, पेरूच्या या कायाओ बंदरात उतरले. तिकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, इकडे डावीकडे. तेव्हा बंदरामागच्या एका वर्कशॉपमध्ये मला आडवं करून माझ्या छातीतलं उजवीकडचं सगळं उपटलं आणि डावीकडे बसवलं. काळीज एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला लावलं आणि दुपारच्या जेवणानंतर मी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडले. कुठल्या डॉक्टरला जमलंय हे? वायपर मात्र त्यांनी तसेच ठेवले. ते जन्मभर रिकाम्या बाजूची काच पुसत राहिले. पण आपल्या गावात पाऊस असा पडतच नाही, नुसतं धुकं गळतं, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

माझ्या अंगावर जपानी अक्षरं होती. ती इथे कुणालाच वाचता येत नव्हती.

"याचा अर्थ 'वेगवान' असा आहे," माझा मालक तेओफिलो प्रवाशांना सांगायचा.

"म्हणजे लोक तिकडेपण खोटं बोलतात," त्याची बायको रोसाउरा दारात लटकून म्हणायची.

ही रोसाउरा माझी कंडक्टर. तिचा एक पाय माझ्या पायरीवर आणि दुसरा हवेत असायचा. "चढा, चढा, चढा! बंदर, बाजार, हॉस्पिटल! उजवा पाय आधी, मावशी! मागे सरका, मागे अख्खं घर बसेल!" तिचा आवाज असा होता की पुढच्या स्टॉपवरचे लोक आम्ही दिसायच्या आधीच हात वर करून उभे असत. आणि हात वर दिसला की तेओफिलोचा पाय ब्रेकवर गेलाच. मग तो स्टॉप असो नसो, लाल दिवा असो, हिरवा असो, पोलीस असो. एकदा एक माणूस जांभई देताना हात ताणत होता, त्यालाही आम्ही बाजारापर्यंत नेऊन सोडला.

एकदा धक्क्यावर आम्ही थांबलो असताना एक समुद्रसिंह चढला. हसू नका. चांगला ओला, मिशीवाला, वयस्कर. मासळीबाजाराच्या वासाने निघालेला असणार. रोसाउराने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, एका जागेवर बसणार असाल तर बसा. दोन जागा अडवायच्या असतील तर पुढची गाडी बघा." तो एका जागेवर बसला. बाजारापाशी उतरताना त्याने पाहिलं सुद्धा नाही मागे वळून. माणसं तरी कुठे बघतात?

मग एक दिवस सरकारने ठरवलं की आमच्यासारख्या छोट्या गाड्या मोठ्या रस्त्यावर नकोत. लांबलचक निळ्या बस आल्या. त्या फक्त स्टॉपवरच थांबत. तेओफिलो पहिल्या दिवशी फुटपाथवर उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. एका बाईने हात केला आणि बस न थांबता निघून गेली, तेव्हा त्याने मान फिरवली.

त्याआधी त्याच रस्त्याने रोज माझ्यातून एक माणूस यायचा. ला चालाना या फुटबॉल अकादमीचे एवारिस्तो मास्तर. चालाना म्हणजे आपल्या कोळ्यांची लहान होडी, तीच तुमच्या बनियनवर शिवलेली आहे. या अकादमीला तेव्हाही मोठा संघ नव्हता, आताही नाही. इथे फक्त पोरं घडतात. सहा वर्षांचं पोर येतं, त्याला चेंडू हातात घ्यायची सवय मोडायला महिने जातात, मग ते पास द्यायला शिकतं, मग अचानक एके दिवशी ते असं काही करतं की कडेला उभे असलेले बाप सिगारेट विझवायला विसरतात. मग लिमातून एखादा मोठा क्लब येतो आणि ते पोर घेऊन जातो. अकादमीला एक फोटो मिळतो. लिमाच्या प्रत्येक संघात आपला एकतरी पोरगा असतो, त्यामुळे एवारिस्तो मास्तर रेडिओवर मॅच ऐकताना दोन्ही बाजूंनी ओरडायचे.

"मास्तर, गाडी घ्या," तेओफिलो त्यांना म्हणाला. "पोरांना मॅचला न्यायला. ड्रायव्हरसकट घ्या."

"आणि मी?" रोसाउराने विचारलं.

"तू काय," मास्तर म्हणाले, "तू दाराबरोबरच येतेस."

अशी मी अकादमीची झाले. माझ्या पाठीवर छोटी होडी रंगवली. पोटावरची जपानी अक्षरं राहिली, आणि टपावरची जुन्या रूटची पाटीसुद्धा राहिली, कारण ती काढायला गेलं की टपाला भोक पडत होतं. या पाटीकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्या दिवसांत हे मैदान आजच्यापेक्षा वाईट होतं. नुसती धूळ. एवारिस्तो मास्तरांचा नियम असा की प्रत्येक पोराने घरून एक बाटली पाणी आणायचं, कपडे धुतल्यावरचं, भांडी विसळल्यावरचं, काहीही चालेल, आणि सराव सुरू व्हायच्या आधी आपल्या जागेवर ओतायचं. गोलकीपरने गोलपाशी, हाफने मधे. ज्याने पाणी आणलं नाही त्याची जागा धुळीची, त्याला खेळताना सगळ्यात जास्त खोकला. सकाळी सगळं मैदान साबणाच्या वासाचं. बाहेरचे संघ यायचे, पहिल्यांदा हुंगायचे, मग हसायचे, मग हरायचे.

मी या पोरांना कुठे कुठे नेलं! डोंगरावरच्या वस्त्यांत, वाळवंटातल्या मैदानांवर, जिथे कोपऱ्याचा झेंडा म्हणून झाडू रोवलेला असतो. जाताना पोरं गाणी म्हणायची, येताना हरली असली तर झोपायची. माझ्या मधल्या वाटेत ती चालत्या गाडीत चेंडू खेळायची. ज्याला वळणावर, ब्रेक लागल्यावर, रोसाउरा ओरडत असताना चेंडू पायात ठेवता आला त्याला पुढे कुणीच अडवू शकलं नाही. मोठमोठ्या क्लबांचे मास्तर नंतर विचारायचे, या पोरांचा तोल एवढा चांगला कसा? कुणी माझं नाव घेतलं नाही. मी मनावर घेत नाही.

या सगळ्यांत विल्मेर नावाचा एक पोरगा होता. त्याचंच सांगायचं आहे.

विल्मेर इथलाच, धक्क्यामागच्या कोळ्यांच्या वस्तीतला. बाप सिक्स्तो, स्वतःची होडी असलेला, कमी बोलणारा माणूस. विल्मेर डाव्या पायाचा विंगर. तो धावायला लागला की समोरचा बॅक आधी उजवीकडे पडायचा, मग डावीकडे पडायचा, आणि मग तिसऱ्यांदा कुठे पडावं हे न कळून बसून राहायचा. पण तो उशिरा वाढला. लहानपणी चिंबोरीएवढा होता, म्हणून मोठ्या क्लबांनी त्याला तीनदा बघून सोडून दिला होता. आता सतरावं लागलं होतं. अकादमीत त्यानंतर ठेवत नाहीत. त्याची शेवटची मॅच म्हणजे त्या वर्षीची फायनल, लिमाच्या पलीकडच्या टोकाला. आणि त्या मॅचला एका मोठ्या क्लबचा माणूस मुद्दाम त्याला बघायला येणार होता. एवारिस्तो मास्तरांनी त्यासाठी किती फोन केले ते मी ऐकलंय, कारण ते फोन माझ्यात बसून करायचे. "एकदाच बघा हो. आता उंची आलीय त्याला. नाही, मागच्या वेळचा नाही, आता बघा."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ तारखेचा झाला. फायनल ठेवली होती सान पेद्रोच्या सणाला.

लिमावाल्यांना मासा ताटात आला की दिसतो, त्याच्या आधी काय असतं ते दिसत नाही. त्यांना काय माहीत, सान पेद्रो आम्हा बंदरातल्या लोकांचा कोण लागतो. त्या दिवशी चर्चमधून या कोळ्यांच्या संताच्या मूर्तीची पालखी निघते, वस्तीतून फिरते, धक्क्यावर येते, आणि मग त्याला होडीत बसवून समुद्र दाखवतात. पालखीला खांदा कोळ्यांचाच. आणि वस्तीचा रिवाज असा की कोळ्याचा पोरगा सतराव्या वर्षी पहिल्यांदा खांदा देतो, आपल्या बापाच्या मागे उभा राहून. म्हणजे सान पेद्रोला त्याचा खांदा ओळखीचा होतो. ज्याचा खांदा सान पेद्रोला ओळखीचा नाही त्याला कुठलाच नावाडी होडीत घेत नाही. बापसुद्धा नाही. आणि ते वर्ष चुकलं की चुकलं, अठराव्या वर्षी कुणी विचारत नाही.

म्हणजे बघा. मॅचला गेला आणि त्या माणसाने नाही घेतला, तर विल्मेरला समुद्रही नाही आणि मैदानही नाही. पालखीला गेला, तर मैदान कायमचं गेलं.

सणाच्या दिवशी सकाळी सिक्स्तोने नवा निळा सदरा इस्त्री करून पोराच्या खाटेवर ठेवला आणि चर्चला निघून गेला. विल्मेरने आधी अकादमीचा बनियन घातला, त्याच्यावर तो सदरा घातला, आणि माझ्यात येऊन बसला. बूट पिशवीत. चेहरा असा की कुणी काही विचारू नये.

रोसाउराने विचारलंच. "काय रे, एका अंगावर दोन सदरे? थंडी वाजतेय की चोरी केलीस?"

"काकू, दार लावा ना."

"लावते बाबा. दार माझंच आहे."

"तेओ," एवारिस्तो मास्तर पुढच्या सीटवर बसत म्हणाले, "सरळ जायचं. पालखी चर्चमधून निघायच्या आत आपण चौक ओलांडायला पाहिजे. एकदा ती रस्त्यात आली की मग तिच्या पुढे कुणी जात नाही."

"मास्तर, मला सांगताय? वीस वर्षं या रस्त्यावर गाडी हाकलीय मी."

हीच तर भीती होती.

पहिल्याच कोपऱ्यावर कासिल्दामावशी उभी होती. हातात टोपली, टोपलीत दोन जिवंत बदकं. तिने माझ्या टपावरची जुनी पाटी वाचली आणि हात वर केला. तेओफिलोचा पाय ब्रेकवर गेला. मी काय करणार, ब्रेक दाबला की मला थांबावंच लागतं.

"हॉस्पिटलपर्यंत," मावशी चढत म्हणाली. "बरं झालं बाई तुम्ही परत आलात. त्या निळ्या बशी थांबतच नाहीत मेल्या."

"तेओ!" मास्तर ओरडले. "ही अकादमीची गाडी आहे!"

"माहीत आहे मास्तर. पायाला माहीत नाही."

"मागे सरका, मागे सरका, बदकं मांडीवर घ्या!" रोसाउरा सवयीने ओरडली, आणि मग तिच्या लक्षात आलं, पण तोवर मावशी बसली होती आणि बदकं गोलकीपरच्या मांडीवर होती.

पुढच्या कोपऱ्यावर एक म्हातारा. त्याच्या पुढे ताज्या पावांची पोती घेतलेला बेकरीवाला. मग सणाला निघालेल्या तीन बहिणी, डोक्याला एकसारखी फुलं. बंदरातल्या लोकांना आमची सवय होती आणि आम्हाला त्यांची. रस्त्याने प्रत्येक जण आनंदाने हात वर करत होता, जणू युद्धावरून परत आलेलं कुणी बघितल्यासारखं, आणि प्रत्येक हाताला तेओफिलो थांबत होता. मास्तरांनी त्याच्या गुडघ्यावर स्वतःचा हात दाबून धरला, तर तेओफिलोने दुसऱ्या पायाने ब्रेक मारला.

"उतरवा ना यांना!" एक पोरगा वैतागून म्हणाला.

"मला उतरवणार?" कासिल्दामावशी म्हणाली. "अरे, तुझ्या आईला बाळंतपणाला याच गाडीतून मी नेलंय. तू या सीटवर जन्मायचा राहिलास थोडक्यात. तेव्हा कुणी म्हणालं का, उतरवा हिला, पोट मोठं आहे, जागा अडवतेय?"

पोराने सरकून मावशीला ऐसपैस जागा करून दिली.

"कोपऱ्यावर उतरणार!" म्हातारा ओरडला. थांबलो. तो उतरेपर्यंत चार चढले. आणि अशा रीतीने, मित्रांनो, जो चौक आम्हाला पालखी निघायच्या आत ओलांडायचा होता त्या चौकात आम्ही पोचलो तेव्हा समोर बँड वाजत होता, धुपाचा धूर निघत होता, आणि रस्ताभर पसरलेल्या माणसांच्या डोक्यांवर सान पेद्रो हातात किल्ल्या घेऊन डुलत डुलत चालला होता. आम्हाला जायचं होतं त्याच दिशेने. आमच्याच वेगाने. म्हणजे जवळजवळ नाहीच.

तेओफिलोने इंजिन बंद केलं. त्याने टोपी काढली. मग त्याने जे केलं त्याचं एवारिस्तो मास्तरांना नवल वाटलं, मला नाही. तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागला.

"मी केलं हे," तो म्हणाला. "पोराची मॅच मी खाल्ली."

"तेओ, रडू नकोस," रोसाउरा म्हणाली. "रडून रस्ता मोकळा होत नाही. झाला असता तर मी लग्नाच्या दिवसापासून रडले असते."

रेफरी थोडा वेळ वाट बघतो, मग समोरच्या संघाला विजयी ठरवून टाकतो. सगळ्यांना हे माहीत होतं. मागून गर्दी आली होती, मागे जायला वाट नव्हती. पुढे जायचं म्हणजे सान पेद्रोला मागे टाकून जायचं. या बंदरात ते कुणी केलेलं नव्हतं. एकदा एक मंत्री आला होता मोठ्या गाडीतून, त्यालाही पालखीमागे धक्क्यापर्यंत पायी चालावं लागलं होतं, आणि धक्क्यावर पोचेपर्यंत त्याला मासे ओळखता यायला लागले होते.

विल्मेर खिडकीशी बसला होता. त्याने वरचा निळा सदरा काढला नव्हता. त्याची बटणं तो लावत होता आणि काढत होता.

पालखीच्या पुढच्या दांड्याला सिक्स्तो होता. त्याच्या मागची जागा रिकामी होती. भोयांनी ती भरली नव्हती, नुसता दांडा होता तिथे, आणि त्या दांड्याचं वजन आजूबाजूचे सगळे मिळून पेलत होते. सिक्स्तोने मान मागे वळवली. त्याने गर्दीच्या डोक्यांवरून मला पाहिलं. माझ्या पोटावरची ती जपानी अक्षरं लांबूनही ओळखू येतात. मग त्याने खिडकी पाहिली.

आता ऐका, इथून पुढे तुमचा विश्वास उडणार आहे, घट्ट धरून ठेवा.

सिक्स्तोने हात वर केला. साधा हात, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा. आम्ही तर थांबलेलोच होतो. पण घंटा वाजवणाऱ्याने पाहिलं आणि घंटा वाजवली. बँड गप्प झाला. सिक्स्तो म्हणाला, "डाव्या हाताला घ्या." भोयांनी एकमेकांकडे पाहिलं. शेजारचा म्हणाला, "सिक्स्तो, वेड लागलंय का? संतानं गाडीला वाट द्यायची?"

"संतसुद्धा आधी कोळीच होता," सिक्स्तो म्हणाला. "पोराला कुठे जायचंय ते त्याला कळेल. डाव्या हाताला."

आणि मित्रांनो, सान पेद्रो डाव्या हाताला झाला. किल्ल्या खणखणल्या. रस्ता मधोमध उघडला.

पण इंजिन चालू करून संताच्या तोंडावर धूर सोडायचा कसा? तेव्हा कासिल्दामावशी बदकं घेऊन खाली उतरली. तिच्यामागे तिघी बहिणी, बेकरीवाला, मधे चढलेले सगळे जण. ज्यांनी हात करून उशीर केला होता ते सगळे माझ्या पाठीशी लागले आणि मला ढकलायला लागले. न बोलता. मी कधीच इतक्या हळू आणि इतक्या शांतपणे चालले नव्हते. माझी एकही पट्टी वाजली नाही. पालखीच्या शेजारून जाताना धूप घेतलेल्या बायकांना वाटलं, हिच्या पोटावर परक्या भाषेत प्रार्थना लिहिली आहे, त्यांनी मलाही धूप दाखवला. कुणीतरी माझ्या वायपरमध्ये झेंडू अडकवला. सान पेद्रो माझ्या खिडकीशी आला तेव्हा, मी खोटं सांगत असेन तर आता गंजून पडेन, तो थोडासा वाकला.

"विल्मेर," सिक्स्तो खिडकीतून म्हणाला. बस, एवढंच.

चौक संपला, तेओफिलोने किल्ली फिरवली, आणि मग मी धावले. काय धावले! मला वेगवान म्हणणारे ते जपानी लोक खरं बोलत होते. निळ्या बस मागे पडल्या. लाल दिवे माझ्याकडे बघून लाजून हिरवे झाले. वाटेत कितीतरी हात वर झाले, आणि दर वेळी रोसाउराने तेओफिलोचे डोळे स्वतःच्या ओढणीने झाकले, म्हणजे त्याला हात दिसू नयेत. रस्ता ती तोंडी सांगत होती. "डावीकडे. सरळ. सरळ म्हटलं ना म्हाताऱ्या. आता उजवीकडे, कुत्रा आहे, कुत्र्याला वळसा."

आम्ही पोचलो तेव्हा रेफरी शिट्टी तोंडाशी नेत होता. मी फाटकातून आत घुसले आणि थेट रेषेपाशी थांबले, त्यामुळे पुढची सगळी मॅच मी पहिल्या रांगेतून पाहिली. त्या मोठ्या क्लबचा माणूस छत्रीखाली बसला होता, ऊन नव्हतं, धुकंही नव्हतं, पण लिमाचा माणूस होता. पहिला अर्धा विल्मेर काहीच खेळला नाही. एवारिस्तो मास्तरांनी मधल्या सुटीत नुसती पाण्याची बाटली घेतली, विल्मेरच्या जागेवर जाऊन हिरव्यागार गवतावर ओतली आणि परत आले. लोक हसले.

दुसऱ्या अर्ध्यात चेंडू विल्मेरकडे आला. समोरचा बॅक उजवीकडे पडला, डावीकडे पडला, आणि बसून राहिला. दुसराही बसला. तिसरा शहाणा होता, तो आधीच बसला. गोलकीपर बाहेर आला, विल्मेरने चेंडू त्याच्या डोक्यावरून असा उचलला की खाली येताना चेंडूला वाटेत विचार करायला वेळ मिळाला. गोल. त्या माणसाची छत्री उलटी झाली.

मग काय, विल्मेरला त्यांनी तिथल्या तिथे घेतलं. लिमात दोन वर्षं, मग समुद्रापलीकडे, जिथे मैदानावर बर्फ पडतो आणि खेळाडू हातमोजे घालून खेळतात. सिक्स्तोला त्याने नवी होडी घेऊन दिली. तेओफिलो आणि रोसाउराला त्याने विमानाने बोलावलं होतं, पण विमान वाटेत थांबत नाही म्हणून तेओफिलो गेला नाही. आजही विल्मेरला कुणी विचारतं, तू इतका तोल कुठे शिकलास, तर तो सांगतो, एका गाडीत.

त्यानंतरची माझी गोष्ट छोटी आहे. एवारिस्तो मास्तर गेले. तेओफिलोचे गुडघे गेले, त्यामुळे ब्रेकवरचा पाय एकदाचा थांबला. आता तो आणि रोसाउरा धक्क्यावर तळलेल्या माशाचे पाव विकतात, आणि ओरडायचं काम अजून तीच करते. माझं इंजिन कुणीतरी होडीला लावलं, चाकं कुणीतरी हातगाडीला. मला भंगारात घालायचं होतं, पण ढकलत न्यायला कुणी मिळेना, म्हणून इथेच राहिले. पोरं माझ्यात कपडे बदलतात. कुणी माझ्यावर नावं कोरतात. कुणी हरल्यावर मला लाथ मारतात, जणू पेनल्टी मी चुकवली.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. दार हळू लावा. सीटच्या फाटलेल्या जागेतून स्पंज उपटू नका. गंज दिसला तर थोडा रंग फासा, कुठलाही चालेल. जुनी झालेली वस्तू टाकून देण्याआधी तिने कुणासाठी काय केलं ते एकदा विचारा. मी नसते तर त्या दिवशी विल्मेर चौकातच अडकला असता, आणि आज समुद्रापलीकडे, त्या बर्फात, हातमोजे घालून...

"खोटं!" मागच्या सीटवरून नव्या भरतीतली यामिले ओरडली. तिच्या एका बुटाची नाडी अजून सुटलेलीच होती. "कसला बर्फ? विल्मेर म्हणजे आपले मास्तरच की! बाहेर शिट्टी वाजवतायत ते कोण? त्या दिवशी ते चौकातच खाली उतरले आणि त्यांच्या बाबांच्या मागे जाऊन उभे राहिले. माझे बाबा तेव्हा शेजारच्या दांड्याला होते, त्यांनीच तर जरा सरकून जागा करून दिली त्यांना!"